दचकणं, भिणं आणि हात जोडणं : ‘द नन’च्या जाहिरातीविषयी

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? पोचत नसेल तर लगेच हात वर करा, कारण आजच्या विषयात आवाजाचाच भाग मोठा आहे.

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, “सर, तुम्ही आयुष्यभर कांट आणि शंकराचार्य शिकवलेत. आता भुताच्या सिनेमाच्या जाहिरातीवर तासभर काय बोलणार?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर माझ्या नातीपासून सुरू होतं.

2018 च्या दिवाळीत माझी नात आमच्याकडे आली होती. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिच्या मामेभावाने तिला फोनवर एक काही सेकंदांची चित्रफीत दाखवली. ती किंचाळली, फोन गादीवर पडला, सगळी मुलं हसली, तीही हसली. विषय संपला असं मला वाटलं. दोन दिवसांनी आम्ही दोघं भाजी आणायला निघालो होतो. समोरून दोन धर्मभगिनी येत होत्या, हातात कापडी पिशव्या, आपसात काहीतरी बोलत. नातीने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. ती माझ्या पाठीमागे गेली आणि डोळे मिटून उभी राहिली. त्यांतल्या वयस्कर बाईंनी ते पाहिलं, त्या हसल्या, आणि मुलगी लाजाळू आहे असं समजून पुढे गेल्या. नातीने त्यांचा चेहरा पाहिलाच नव्हता. तिने फक्त कपडा पाहिला होता.

म्हणून हा विषय. एका जाहिरातीने एका मुलीच्या डोळ्यांसमोरून दोन माणसं पुसली आणि तिथे दोन झगे उभे केले. हे कसं घडतं, ते समजून घेऊ.

आधी वस्तुस्थिती. ‘द नन’ हा 2018 चा अमेरिकन चित्रपट. दिग्दर्शक कॉरिन हार्डी. ‘द कॉन्ज्युरिंग’ या मालिकेतला हा एक भाग. काळ 1952, जागा रुमानियातला एक कॅथलिक मठ. तिथल्या एका धर्मभगिनीने आत्महत्या केलेली असते. तिची चौकशी करायला व्हॅटिकन फादर बर्क आणि सिस्टर आयरीन यांना पाठवतं. आयरीनने अजून अखेरची शपथ घेतलेली नाही. मठात वालाक नावाचा एक सैतान धर्मभगिनीच्या वेषात वावरतो आहे.

चित्रपट सप्टेंबरात लागला. त्याआधी ऑगस्टमध्ये यूट्यूबवर दुसऱ्या चित्रफितींच्या आधी त्याची एक छोटी जाहिरात दाखवली जात होती. पडद्यावर आवाज कमी-जास्त करण्याचं चिन्ह दिसे, आपल्या फोनवर दिसतं तसंच. ते चिन्ह आपोआप खाली जाई, आवाज बंद होई. बघणाऱ्याला वाटे, फोनला काय झालं? तो जवळ वाकून बघणार, एवढ्यात तो पांढरा चेहरा तोंड वासून किंचाळत अंगावर येई. लोकांनी एकमेकांना सावध केलं, तक्रारी झाल्या, आणि धक्कादायक मजकुराविषयीच्या आपल्या नियमात ही जाहिरात बसत नाही असं म्हणून यूट्यूबने ती काढून टाकली. माझ्या नातीपर्यंत पोचली ती हिचीच कुणीतरी जपून ठेवलेली प्रत.

आता मी तीन शब्द फळ्यावर लिहितो. दचकणं. भिणं. आणि हात जोडणं. तिसऱ्याला तुम्ही पूज्य भय म्हणा, धाक म्हणा, काहीही म्हणा. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे की या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि धार्मिक भयपटाची जाहिरात तिसऱ्या गोष्टीचं सामान घेऊन आपल्याला पहिली गोष्ट विकते.

दचकणं ही शरीराची क्रिया आहे. अचानक मोठा आवाज झाला की पापण्या मिटतात, खांदे वर जातात, मान आत ओढली जाते. यात मनाला काही विचारलेलं नसतं. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला होतं, म्हणून काही आपण कुकरला भितो असं नाही. चित्रपटवाल्यांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. 1942 च्या ‘कॅट पीपल’मध्ये एक बाई रात्री रस्त्याने एकटी चालली आहे, कुणीतरी पाठलाग करतंय असं तिला वाटतं. बराच वेळ फक्त पावलांचा आवाज. मग एकदम फिस्स असा मोठा आवाज होतो, आपण उडतो, आणि बघतो तर समोर बस येऊन थांबलेली! निर्माता व्हॅल ल्यूटन याच्या नावावरून या युक्तीला ‘ल्यूटन बस’ म्हणायची पद्धत पडली. यातला प्रामाणिकपणा लक्षात घ्या. दचकवल्यावर दिग्दर्शक सांगतो, अहो, बस आहे. हसा.

भिणं वेगळं. भिण्यासाठी काहीतरी कळावं लागतं, आणि कळल्यावर वाट बघावी लागते. याचं उदाहरण देतो, ते गंमत वाटेल असं आहे. वालाकची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीचं नाव बॉनी ॲरन्स. याच बाई 2001 साली डेव्हिड लिंचच्या ‘मलहॉलंड ड्राइव्ह’मध्ये काही क्षणांपुरत्या दिसल्या होत्या. एक तरुण एका उपाहारगृहात बसून समोरच्याला आपलं स्वप्न सांगतो. याच जागेच्या मागच्या बाजूला एक माणूस आहे, त्याचा चेहरा मला कधीही दिसू नये, असं काहीसं. मग ते दोघं उठतात आणि खरंच मागच्या बाजूला चालत जातात. भर दिवस, लख्ख ऊन. काय होणार ते आपल्याला आधीच सांगून ठेवलेलं आहे. भिंतीच्या कोपऱ्यापर्यंतची ती चार पावलं संपता संपत नाहीत. आणि तो चेहरा येतो. तिथेही आपण दचकतो, पण ते दचकणं पिकलेल्या भीतीला आलेलं फळ आहे. अभिनेत्री तीच, चेहरा पुढे येण्याची क्रियाही तीच. लिंचने आपल्याला विश्वासात घेतलं आणि त्या जाहिरातीने फसवलं, एवढा फरक.

आपल्याकडे या फरकाचा विचार हजार वर्षांपूर्वी झाला आहे. अभिनवगुप्त रसाची प्रतीती समजावताना शाकुंतलाच्या पहिल्या अंकातलं हरीण घेतात. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे आणि हरीण मान वळवून वळवून बघत धावतं आहे. हे वाचताना भय जाणवतं, पण ते कुणाचं? माझं नाही, मला बाण लागणार नाही. फक्त त्या एका हरणाचंही नाही. ‘मी भ्यालो’, ‘तो भ्याला’, ‘तो माझा शत्रू’ ही सगळी नाती गळून पडतात आणि नुसतं भय समोर उभं राहतं. तेव्हा त्याचा रस होतो, आणि म्हणूनच भीतीचा आस्वाद घेता येतो. याच चर्चेत ते रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगतात. त्यांतलं एक असं, की बघणारा स्वतःच्याच सुखदुःखाने व्यापलेला असतो. नाटक चाललंय आणि माझी दाढ ठणकतेय, तर कसला रस?

आता ती जाहिरात पुन्हा आठवा. तिने नेमकं काय केलं? नाट्यगृह नाही, पडदा नाही, नांदी नाही. मी स्वयंपाकाची कृती बघायला आलो होतो. तिने माझ्याच फोनचं चिन्ह खोटं दाखवून मला माझ्या काळजीत गुंतवलं, माझा फोन बिघडला का म्हणून, आणि त्या काळजीवर वार केला. अभिनवगुप्त ज्याला विघ्न म्हणतात, तेच इथे साधन आहे. म्हणून ही जाहिरात वाईट कला आहे असं मी म्हणत नाही. ती कलेच्या दारातच आलेली नाही. पाठीमागून येऊन ‘भॉक’ करणारा मुलगा नट नसतो.

आता तिसरा शब्द. रुडॉल्फ ऑटो या जर्मन विचारवंताने 1917 साली ‘दास हायलिगे’ म्हणजे ‘पवित्र’ या विषयावर ग्रंथ लिहिला. तो म्हणतो, पवित्राच्या अनुभवात एक थरकाप असतो आणि त्याच वेळी एक ओढही असते. मागे सरावंसं वाटतं आणि जवळही जावंसं वाटतं. उदाहरण म्हणून तो गीतेचा अकरावा अध्याय घेतो. अर्जुन विश्वरूप बघतो, हर्षित होतो आणि भयाने व्याकूळही होतो, आणि हात जोडून म्हणतो की आता पूर्वीचं रूप दाखव. ऑटो आणखी एक मार्मिक गोष्ट सांगतो. भुताची भीती याच अनुभवाची दूरची, बिघडलेली नातलग आहे. म्हणजे देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यालाच फुटलेली ती आडवाट आहे. धार्मिक भयपट का चालतात, याचं उत्तर मला इथे सापडतं. आपल्या आत तो जुना थरकाप शिल्लक असतो आणि हे सिनेमे त्याला हाक मारतात.

ती हाक कशी मारली जाते, ते आता बघू. ‘द नन’चे ट्रेलर तुम्ही पाहिले असतील. लांब दगडी बोळ. हातात कंदील घेतलेली एकटी तरुणी. धुक्यात उभे असलेले असंख्य क्रूस. घंटा. या वस्तूंची एकेक करून मोजदाद करा. यातली कुठलीही वस्तू भीतीसाठी जन्माला आलेली नाही. घंटा प्रार्थनेची वेळ सांगते. कमी उजेड मन एकाग्र व्हावं म्हणून. मठातली शांतता हे तर व्रत आहे. कॅमेरा फक्त दोन गोष्टी करतो. पहिली, चौकटीचा बराचसा भाग काळा ठेवतो आणि माणसाला एका कडेला उभं करतो, म्हणजे उरलेल्या अंधारात आपण काहीतरी शोधत बसतो. दुसरी, आवाज काढून घेतो. शांतता लांबली की आपल्याला पुढचा धक्का अपेक्षित असतोच. या व्याकरणात मौनाचा अर्थ बदलतो. साधकाचं मौन भरलेलं असतं. ट्रेलरमधलं मौन म्हणजे नेम धरलेली बंदूक.

आणि वेष. आयरीन पांढऱ्या वेषात आहे, कारण ती अजून उमेदवार आहे. वालाक काळ्या वेषात. चेहऱ्याभोवती घट्ट बसणारी ती पांढरी पट्टी आणि वरून काळा शेला, यांची चौकट चेहऱ्याला आधीच असते. दिग्दर्शकाला वेगळी चौकट आखावीच लागत नाही. त्या वेषाचा मूळ हेतू काय? केस, देहाचा आकार, श्रीमंती-गरिबी, सगळं झाकायचं. ‘मी’ जरा मागे सारायचा. आपल्याकडची भगवी छाटी घ्या, कल्पना तीच. पण जिथे ‘मी’ मागे सारला आहे, तिथे बघणाऱ्याला पोकळी दिसू शकते. आणि पोकळीत सैतान बसवणं सोपं.

वालाक हे नाव जुनं आहे. सतराव्या शतकातल्या एका मंत्रग्रंथात तो येतो. तिथे तो पंख असलेला लहान मुलगा आहे आणि दोन तोंडांच्या ड्रॅगनवर बसतो. धर्मभगिनीशी त्याचा काही संबंध नाही. 2016 च्या ‘द कॉन्ज्युरिंग 2’मध्येसुद्धा हा सैतान आधी शिंगं असलेला होता. जेम्स वान या दिग्दर्शकाने नंतर पुन्हा चित्रीकरण करून त्याला हा वेष दिला. नायिका श्रद्धाळू आहे, तर तिच्या श्रद्धेवरच घाव घालणारं रूप हवं, हे त्याचं कारण. कल्पना म्हणून ती चांगलीच होती. त्या एका नायिकेच्या मनात तिला अर्थ होता. पण पुढे रूप कथेतून सुटलं आणि फलकावर गेलं, बाहुल्यांवर गेलं, सहा सेकंदांच्या जाहिरातीत गेलं. तिथे नायिका नाही, तिची श्रद्धा नाही, उरला कपडा.

धर्मभगिनीविषयी भय निर्माण करणारा चित्रपट काढूच नये, असं मला म्हणायचं आहे का? मुळीच नाही. 1947 चा ‘ब्लॅक नार्सिसस’ बघा. रूमर गॉडन यांच्या कादंबरीवरचा, पॉवेल आणि प्रेसबर्गर यांचा. हिमालयातल्या एका जुन्या महालात काही इंग्रज धर्मभगिनी शाळा आणि दवाखाना काढतात. त्यातली सिस्टर रूथ एकटेपणाने, मत्सराने हळूहळू ढासळत जाते. एका रात्री ती धर्मवेष उतरवते, लाल पोशाख घालते आणि समोर बसलेल्या वरिष्ठ सिस्टरच्या डोळ्यांत बघत ओठांना लाल रंग लावते. पुढे घंटेपाशी दरवाजा उघडून ती बाहेर येते तो क्षण आजच्या कुठल्याही भयपटाच्या तोडीचा आहे. पण आपण कुणाला भितो? रूथला. तिला नाव आहे, दुखणं आहे, आणि तिची दयाही येते. तिथे वेष गळून पडतो तेव्हा माणूस दिसतो आणि त्या माणसाची भीती वाटते. इथे माणूस गळून पडतो आणि वेषाची भीती वाटते.

आता मला ज्याने सर्वांत अस्वस्थ केलं तो मुद्दा. 1952, रुमानिया. ट्रेलर ही जागा आणि हे साल का निवडतो? ट्रान्सिल्व्हेनिया म्हटलं की ड्रॅक्युला आठवतो, डोंगर, किल्ले, धुकं. म्हणजे फक्त नेपथ्य. मठाला दिलेलं कार्ता हे नाव मात्र खरं आहे. तिथे सिस्टर्शियन संन्याशांचा मठ होता, पुरुषांचा. 1474 साली राजा मात्याश कॉर्विनने तो बंद केला. म्हणजे 1952 मध्ये तिथे धर्मभगिनी असण्याचा प्रश्नच नव्हता. चित्रपटाचं काही चित्रीकरण हुनेदोआरा इथल्या किल्ल्यात झालं, आणि तो किल्ला त्याच कॉर्विन घराण्याचा. हा योगायोग सोडून देऊ.

पण 1952 च्या रुमानियात धर्मभगिनी खरोखर कुणाला भीत होत्या? 1948 च्या डिसेंबरात कम्युनिस्ट सरकारने तिथलं ग्रीक-कॅथलिक चर्च बेकायदा ठरवलं. पुढच्या वर्षी कॅथलिक संन्यासी संघ मोडीत काढले. बिशपांना अटक झाली. उत्तरेकडे सिगेत नावाच्या गावी एक तुरुंग होता. यासीचे बिशप अंतोन दुर्कोविच 1951 च्या डिसेंबरात तिथे मेले. वयोवृद्ध बिशप व्हालेरिउ फ्रेंत्सिउ 1952 च्या जुलैमध्ये तिथेच मेले. 2019 साली पोप फ्रान्सिस यांनी ब्लाज गावी जाऊन सात ग्रीक-कॅथलिक बिशपांना धन्य घोषित केलं, त्यांत फ्रेंत्सिउ आहेत.

म्हणजे बघा, त्या वर्षी, त्या देशात, रात्री दारावर थाप पडली तर एखाद्या धर्मभगिनीच्या काळजाचा ठोका चुकायला सैतानाची गरज नव्हती. चित्रपटात मठातलं अमंगळ कशामुळे सुटतं? युद्धातल्या बॉम्बमुळे एक जुनं दार फुटतं. युद्ध दाराला भोक पाडण्यापुरतं येतं, राजवट तर येतच नाही. आणि कथेत पुढे आयरीनला कळतं की आपण ज्यांच्यासोबत प्रार्थना केली त्या सगळ्या धर्मभगिनी आधीच मेलेल्या आहेत, आपण पाहिला तो भास होता. प्रतिनिधित्वाविषयी यापेक्षा जास्त काय बोलायचं? ज्या बायकांनी तो काळ सोसला, त्या पडद्यावर एक तर सैतान आहेत किंवा भास आहेत.

कुणी म्हणेल, सर, मनोरंजन आहे, इतकं मनावर का घेता? आणि शेवटी आयरीन श्रद्धेच्या बळावर जिंकतेच की. दोन्ही खरं आहे. चित्रपटाने आयरीनला चेहरा दिला आहे, टाइसा फार्मिगाने काम मनापासून केलं आहे. ज्याने तिकीट काढलं त्याला निदान दोन्ही बाजू मिळाल्या. पण जाहिरात न मागता येते. चित्रपट तिकीट काढलेले लोक बघतात, जाहिरात कितीतरी जास्त लोकांच्या डोळ्यांवरून जाते, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मनात तेवढीच राहते. माझ्या नातीच्या मनात तेवढीच राहिली.

शेवटी थोडं खासगी सांगतो. 1987 साली माझी आई धर्मभगिनी चालवत असलेल्या एका रुग्णालयात होती. अकरा रात्री मी तिच्या खाटेशेजारी स्टुलावर काढल्या. रात्री दीड-दोनच्या सुमाराला लांब बोळाच्या टोकाला एक झगा घातलेली आकृती दिसायची. हातात बॅटरी. पावलांचा आवाज नाही, किल्ल्यांची बारीक किणकिण तेवढी. झोपलेल्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडू नये म्हणून त्या बाई बॅटरीवर तळहात धरून चालायच्या, त्यामुळे त्यांची बोटं लाल दिसायची. विचार करा, चौकट अगदी ट्रेलरची आहे. बोळ, अंधार, दिवा, चेहरा न दिसणारी आकृती. आणि ती दिसली की मला हायसं वाटायचं.

आई पहाटे गेली. सिस्टरने तिचे डोळे मिटले आणि मला हळूच विचारलं, “तुमच्यात आता काय करतात? मला सांगा, मी आणते.” गंगाजल नव्हतं, तुळस नव्हती. त्यांनी स्टीलच्या वाटीत नळाचं पाणी आणून माझ्या हातात दिलं आणि दाराशी हात जोडून उभ्या राहिल्या.

त्या दिवाळीत मी ही हकीकत नातीला सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “आजोबा, त्यांचं नाव काय होतं?”

मंडळी, मला नाव सांगता आलं नाही. अकरा रात्रींत मी ते कधी विचारलंच नव्हतं. ‘सिस्टर’ म्हटलं की त्या यायच्या, मला तेवढं पुरत होतं. म्हणजे मीसुद्धा झगाच बघत होतो. माझा झगा चांगला होता, त्या जाहिरातीतला वाईट, इतकंच. जाहिरातीवर टीका करताना ही गोष्ट मी लपवली असती तर बरं दिसलं नसतं, म्हणून सांगितली.

तर पुढच्या वेळेपर्यंत एक गृहपाठ. ‘द नन’चा ट्रेलर घरी दोनदा लावा. एकदा आवाज पूर्ण बंद करून, म्हणजे दचकणं बाजूला पडेल आणि भिण्यासारखं किती उरतं ते कळेल. दुसऱ्यांदा बघताना झगा घातलेल्या जितक्या बायका दिसतील त्या मोजा, आणि त्यांतल्या कितींना नाव आहे ते लिहून आणा.

थांबतो. प्रश्न असतील तर चहा घेता घेता बोलू.